अल्फा कोणता, बीटा कोणता: उंदराच्या मेंदूतले इस्ट्रोजेनचे दोन रिसेप्टर

जळगावात एम.एस्सी.च्या मुलांना मी प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘मादीच्या मेंदूत इस्ट्रोजेन रिसेप्टर जास्त असतात.’ (इस्ट्रोजेन म्हणजे मादीचं समजलं जाणारं हार्मोन; रिसेप्टर म्हणजे हार्मोनला धरून पेशीला त्याचा निरोप देणारं प्रथिन.) याला मी अर्धेच गुण देते. कोणता रिसेप्टर, मेंदूत कुठे आणि कोणत्या वयात, याचा त्यात पत्ताच नसतो.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. मराठीत रॅटही उंदीर आणि माउसही उंदीर. प्रयोगशाळेत मात्र हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि एकात दिसलेला फरक दुसऱ्यात दिसेलच असं नाही. म्हणून पुढे रॅट आणि माउस असंच लिहिते.

१९९६पर्यंत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर म्हटला की पेशीकेंद्रातला एकच माहीत होता. त्या वर्षी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या यान-आके गुस्ताफसन यांच्या गटाने दुसरा शोधल्याचं जाहीर केलं, तोही रॅटच्या प्रोस्टेट ग्रंथीत, म्हणजे नरात! मग जुन्याला अल्फा नाव पडलं, नव्याला बीटा. दोघांची जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर. डीएनएला चिकटणारा भाग सुमारे ९५ टक्के सारखा, हार्मोन धरणारा भाग निम्म्याहून थोडा जास्त जुळणारा. पण इस्ट्राडायॉल, म्हणजे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन, दोघांनाही जवळपास सारखंच घट्ट धरता येतं. दोघांची गफलत होते ती यामुळेच.

तापीकाठच्या काळीत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाडीत एकाच दिवशी सारखाच पाऊस पडला, तरी ओल सारखी टिकत नाही. इस्ट्रोजेनचंही तसंच. रक्तात ते किती, हे नंतर बघा; आधी जमीन बघा, म्हणजे कुठे कोणता रिसेप्टर आहे ते.

अल्फा मुख्यतः हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन-नियंत्रक भागाच्या, प्रजननाशी जोडलेल्या जागांत दाट असतो: प्रीऑप्टिक भाग, आर्क्युएट आणि व्हीएमएच, म्हणजे व्हेंट्रोमेडियल हायपोथॅलॅमस. अल्फाचं जनुक निकामी केलेल्या माउस मादीला बाहेरून इस्ट्रोजेन दिलं तरी ती नराला स्वीकारत नाही. बीटा निकामी केलेली मादी स्वीकारते. तिला पिल्लं मात्र कमी होतात. रॅटमध्ये बीटाचं ठळक ठिकाण म्हणजे हायपोथॅलॅमसमधलाच पॅराव्हेंट्रिक्युलर न्यूक्लियस (इथे न्यूक्लियस म्हणजे पेशीकेंद्र नव्हे, चेतापेशींचा पुंजका). ताणाचा प्रतिसाद आणि ऑक्सिटोसिन यांच्याशी संबंधित असलेल्या या जागी अल्फा फारच विरळ.

आता नर-मादी फरक. व्हीएमएचच्या खालच्या-बाहेरच्या कोपऱ्यात अल्फा मादीत जास्त. बीटासाठी हायपोथॅलॅमसमधला एव्हीपीव्ही, म्हणजे अँटेरोव्हेंट्रल पेरिव्हेंट्रिक्युलर न्यूक्लियस, हा छोटासा पुंजका बघा: रॅटमध्ये तिथे बीटा मादीत जास्त. अंडं सुटण्याआधी ते सोडवणाऱ्या एलएच (ल्युटिनायझिंग) हार्मोनची जी लाट येते, तिची सूत्रं याच पुंजक्याकडे असतात. पण हे दोन कोपरे झाले. त्यावरून सगळ्या मेंदूचा हिशोब मांडता येत नाही.

गेल्या वर्षी चोपड्याकडच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, नरना डोकामा मादीनं हार्मोन काबर?” (नराच्या डोक्यात मादीचं हार्मोन कशाला?) मला हा प्रश्न फार आवडला, कारण सगळी गुंतागुंत याच ठिकाणी आहे. जन्माच्या आसपास नर पिल्लाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन सुटतं. मेंदूतलं अरोमॅटेझ हे विकर त्याचं इस्ट्राडायॉल करतं आणि तेच मेंदूला नराचं वळण लावतं. मादी पिल्लाच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्राडायॉलला धरून ठेवतं, ते मेंदूपर्यंत जाऊ देत नाही. (हा ‘अल्फा’ वेगळा, रिसेप्टरशी त्याचा संबंध नाही.) त्याच इस्ट्राडायॉलमुळे नराच्या प्रीऑप्टिक भागातल्या एका पुंजक्यातल्या पेशी जगतात आणि एव्हीपीव्हीतल्या पुष्कळ पेशी मरतात. मोठेपणी दिसणाऱ्या फरकाचा बराचसा पाया असा पहिल्या काही दिवसांतच घातला जातो. माणसात मात्र हे जसंच्या तसं लावू नका. आपल्यात टेस्टोस्टेरॉनचा थेट परिणाम जास्त महत्त्वाचा मानला जातो.

इथेही दोन्ही रिसेप्टरांनी कामं वाटून घेतलेली दिसतात. नराचं वर्तन घडवण्यात अल्फा पुढे. मादीसारखं वर्तन करण्याची क्षमता पुसण्यात बीटाचा हात: बीटा नसलेल्या नर माउसना मोठेपणी खच्ची करून मादीची हार्मोन्स दिली, तर ते मादीसारखी पाठ वाकवण्याचा प्रतिसाद साध्या नरांपेक्षा जास्त देतात. नर होणं आणि मादीपण पुसलं जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं.

प्रकल्प करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळा. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं आणि त्यात इस्ट्राडायॉल वाढलं की व्हीएमएचमधला अल्फा घटतो. म्हणून कोणत्या दिवसाची मादी घेतली, ते लिहा. दुसरी, बीटाच्या अँटिबॉडी, म्हणजे बीटाला चिकटून तो कुठे आहे हे रंगाने दाखवणारी प्रथिनं. प्रचलित अँटिबॉडींपैकी कित्येक बीटाला नीट ओळखतच नाहीत, हे २०१७मध्ये दाखवलं गेलं. म्हणून जुन्या पेपरातला बीटाचा रंगवलेला फोटो बघितला, की बीटा नसलेल्या प्राण्याच्या मेंदूचा काप त्याच अँटिबॉडीने शेजारी रंगवून दाखवला आहे का, ते आधी शोधा; तिथेही रंग आला, तर ती अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटतेय.