लेट आजोबा वेगळे, लेट झालेले आजोबा वेगळे

लेट हा शब्द आपल्याकडं इतका मुरलाय की "काय बे, लेट झालास" म्हणताना आपण इंग्लिश बोलतोय असं कुणाला वाटतच नाही. पण मराठीत आपण त्याचा एकच अर्थ उचललाय, उशीर, आणि मग इंग्लिशमध्ये अर्ज लिहायला बसलं की घोळ होतो.

"माय लेट ग्रँडफादर" म्हणजे वारलेले आजोबा. "माय ग्रँडफादर इज लेट" म्हणजे आजोबा ठणठणीत आहेत, फक्त अजून पोचले नाहीत, बसले असतील कुठंतरी चहा पीत. शब्द तेच, फक्त लेटची जागा बदलली. बोलायचंय माणसाबद्दल, लेट नामाला चिकटून आधी आलाय, आणि त्याच्याही आधी द, माय, हिज असलं काहीतरी आहे, तर बहुतेक वेळा तो कैलासवासी. इज-वॉजच्या नंतर आला की उशीर. (दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना या भागातल्या इंग्लिशमध्ये "ही इज लेट" म्हणजे वारला असंही म्हणतात, पण ते तिकडं.) शंका आली तर व्हेरी लावून बघा. "ही इज व्हेरी लेट" चालतं, म्हणजे उशीर. "माय व्हेरी लेट ग्रँडफादर" म्हणलं तर लोक हसतील, मेलेल्या माणसात जास्त-कमी काय असणार?

आपल्या लग्नपत्रिकेवर कै. असतं तसं इंग्लिश पत्रिकेवर "ग्रँडसन ऑफ लेट श्री अमुक" छापतात. भारतात ते चालून जातं आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण बाहेरच्या माणसाला लिहिताना तिथं द हवा, "द लेट मिस्टर अमुक". आणि हा द लेट कुणालाही लावत नाहीत, जाऊन फार वर्षं झाली नाहीत अशा माणसालाच लावतात. "द लेट अकबर" कुणी लिहीत नाही. आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये वारले, आज त्यांच्याबद्दल लिहिताना नुसतं डॉक्टर कोटणीस पुरतं.

आता खरी गंमत पुढं आहे, कारण नामाच्या आधी आला म्हणजे दरवेळी मेलेलाच असं नाही. काळाच्या किंवा वयाच्या आधी लेट आला की अर्थ होतो शेवटाकडचा. कोटणीसांचंच घ्या, जन्म १९१०चा, आणि काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं ते १९३८ मध्ये, म्हणजे ते गेले "इन द लेट नाइन्टीन थर्टीज" आणि तेव्हा वय सत्तावीस, म्हणून "इन हिज लेट ट्वेन्टीज". इथंही हिज आहे, लेट आहे, पुढं नाम आहे, पण नाम माणूस नाही म्हणून कुणी मेलेलं नाही. तसंच आपला गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, संक्रांतीला, मिड जानेवारीत सुरू होतो, पण महिना संपत आला की लेट जानेवारी.

रेल्वेत तर दोन्ही लेट समोरासमोर येतात. "द ट्रेन इज लेट" म्हणजे गाडीला उशीर झालाय. "वुई टुक द लेट ट्रेन" म्हणजे रात्री उशिराची गाडी पकडली. सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापुरातून रात्री सुटते आणि सकाळी मुंबईला पोचते, ती अगदी टायमावर सुटली तरी "द लेट ट्रेन"च, आणि सकाळची हुतात्मा दोन तास रखडली तरी ती "द लेट ट्रेन" होईलच असं नाही, तिला आपलं "द ट्रेन इज टू अवर्स लेट" म्हणलेलं बरं.

लेटली मात्र वेगळाच प्राणी आहे. स्लोचं स्लोली होतं म्हणून लोक "ही केम लेटली" लिहितात, तिथं "ही केम लेट" पाहिजे. लेटली म्हणजे अलीकडे, "आय हॅव बीन बिझी लेटली".

आणि लास्ट, लेटेस्ट हे दोघंही मुळात या लेटचेच. लेटर-लेटेस्ट वेळेसाठी, लॅटर-लास्ट क्रमासाठी. लेखक लिहिता असेल तर त्याच्या नव्या पुस्तकाला लेटेस्ट म्हणा, लास्ट म्हणलं तर मागचं की शेवटचं हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं.