प्रेशर कुकर

प्रेशर कुकर : घट्ट झाकणाच्या भांड्यात पाण्याची वाफ कोंडून, वाढलेल्या दाबाखाली अन्न शिजवण्याचे साधन. मराठी घरात नुसते ‘कुकर’ म्हटले की हेच भांडे समजतात. त्याचे क्रियापदही ठरलेले आहे : कुकर ‘लावतात’. तळाशी पाणी घालणे, डबे एकावर एक रचणे, झाकण बसवणे आणि शिट्टी ठेवणे एवढी सगळी कामे त्या एका शब्दात येतात.

उघड्या पातेल्याखाली आच कितीही मोठी केली तरी समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसच्या वर तापत नाही. जादा उष्णता वाफेबरोबर उडून जाते. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही वर सरकतो. घरगुती कुकरची शिट्टी म्हणजे वाफेच्या नळीवर बसवलेले वजन. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोने जास्त झाला की ते उचलले जाते. या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. वीस अंश ऐकायला थोडे वाटतात. पण शिजण्याचा वेग ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो. उघड्यावर पाऊण तास रटरटणारी तूरडाळ कुकरात दहा-पंधरा मिनिटांत मऊ होते, ती यामुळे. जसजसे उंचावर जावे तसतशी कुकरची गरज वाढते. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तर साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये ८८-८९ अंशांना. तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजवणे म्हणजे इंधनाची राखरांगोळी.

या भांड्याचा मूळपुरुष फ्रेंच संशोधक डेनी पापँ. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे हाडे मऊ करणारे जाड ओतीव भांडे मांडले. कोंडलेल्या वाफेने भांडे फुटू नये म्हणून त्याने त्याला वजनाची झडप जोडली. आजची शिट्टी त्याच झडपेची वंशज आहे. १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांना त्याने या भांड्यात शिजवलेले जेवण दिले. गोमांसाची आणि मेंढीची कठीण हाडे चीजसारखी मऊ झाली होती, अशी नोंद सोसायटीचा सभासद असलेल्या जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकाने रोजनिशीत केली आहे. पापँने पुढे १६९० मध्ये वाफेवर दट्ट्या हलवणाऱ्या यंत्राचा नमुनाही केला. स्वयंपाकघरातले हे भांडे आणि वाफेचे इंजिन एकाच माणसाच्या डोक्यातून निघाले, हे शाळेत शिकवायला हवे.

भारतात वाफेवर एकाच वेळी अनेक पदार्थ शिजवण्याची कल्पना दाबाच्या कुकरआधीच रुजली होती. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ तयार केला. त्यात कोळशाच्या मंद आचेवर एकावर एक ठेवलेल्या डब्यांत भात, डाळ, भाजी एकत्र शिजत. खरा प्रेशर कुकर देशात बनू लागला तो १९५९ पासून. हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही दोन्ही नावे ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्यातून इथे आली. हॉकिन्सचे झाकण आतून बसते : वाफ जितकी जोर करील तितके ते काठाला अधिक घट्ट चिकटते, म्हणून दाब असताना उघडतच नाही. दुसऱ्या प्रकारात झाकण बाहेरून फिरवून अडकवतात.

महाराष्ट्रात कुकर रुजला तो डब्यांमुळे. खालच्या डब्यात हिंग-हळद घातलेली डाळ, वर तांदूळ, त्यावर बटाटे किंवा भोपळ्याच्या फोडी. एका शेगडीवर वरण, भात आणि भाजीची तयारी एकदम होते. ज्या खोलीत एकच स्टोव्ह होता आणि रॉकेल रेशनवर मिळत होते, तिथे ही सोय किती मोठी होती हे त्या पिढीच्या बायकांनाच ठाऊक. वेळ वाचला हे खरेच, पण त्याहून मोलाचे म्हणजे पातेल्यापाशी उभे राहणे सुटले. उतू जाईल, तळाला लागेल, आधण कमी पडेल, यांतली एकही काळजी उरली नाही. शिट्टी दुसऱ्या खोलीतही ऐकू येते.

शिट्टीचे मात्र आपण घड्याळ करून टाकले, ते बरोबर नाही. ‘तीन शिट्ट्या काढ’ हे माप पाण्यावर, आचेवर आणि कुकरच्या आकारावर बदलते. पहिली शिट्टी झाली म्हणजे आतला दाब पुरा झाला. त्यानंतर आच मोठी ठेवून तापमान वाढत नाही, फक्त वाफ आणि गॅस जातो. आच बारीक करून मिनिटे मोजावीत, हीच खरी रीत. डाळ तरीही दाणेदार राहिली तर दोष बहुधा जुन्या डाळीचा किंवा क्षार जास्त असलेल्या जड पाण्याचा असतो. चिंच, कोकम, टोमॅटो आधी घातले तरी डाळ शिजत नाही, कारण आंबटपणामुळे डाळीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही. आंबट नेहमी शिजल्यावर घालावे.

पुरणासाठी चण्याची डाळ मात्र डब्यात न लावता थेट कुकरात भरपूर पाण्यात शिजवलेली बरी. डब्यात पाणी मोजकेच असल्याने आमटीपुरता कट निघत नाही. मोदक, अळूवडी, कोथिंबीर वडी उकडताना शिट्टी काढून ठेवतात. तिथे दाब नको असतो, नुसती वाफ पुरते.

कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. डाळ-तांदूळ डब्यांत न लावता थेट शिजवायचे असतील तर अर्ध्यापर्यंतच. त्यांचा फेस नळीत चढून ती बुजते. नळी बुजली तर ठरावीक तापमानाला वितळणारी मिश्रधातूची गुंडी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह वाफेला वाट करून देतो. काही कुकरांत झाकणाच्या कडेच्या खाचेतून रबरी रिंगही बाहेर ढकलली जाते. भारतीय मानक आयएस २३४७ घरगुती कुकरसाठी आहे आणि २०२१ पासून त्यावरची आयएसआय खूण सक्तीची आहे. तरीही घाईमुळे अपघात होतात. आतले पाणी शंभराच्या वर तापलेले असते. दाब एकदम गेला तर ते क्षणात उसळते आणि अंगावर येते. म्हणून वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून पाहावी, आवाज आला नाही तरच झाकणाला हात लावावा. वितळलेल्या व्हॉल्व्हच्या जागी खिळा किंवा साधा स्क्रू बसवून काम भागवणे जिवावर बेतते. रिंग सैल किंवा कडक झाली, कडेने वाफ सुटू लागली, की ती त्याच कंपनीची आणि त्याच मापाची आणून बदलावी.