जंगल कोणाचं? देवराई ते वनहक्क

वनहक्काच्या दाव्यांवरून गडचिरोलीत, ओडिशात, झारखंडमध्ये जो वाद चालू आहे, तो जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याने निर्माण केलेला नाही. त्याची मुळं १८६४ मध्ये स्थापन झालेल्या वनखात्यात आहेत. आणि त्याआधी जंगल कोण, कसं राखत होतं हे पाहिल्याशिवाय या खात्याने नेमकं काय बदललं ते कळत नाही.

सह्याद्रीत काळकाई, वाघजाई, भैरोबा यांच्या नावाने राखलेल्या देवराया आजही आहेत. देवाच्या रानातली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक. केरळात अशा रानाला काव म्हणतात, कोडगूमध्ये देवरकाडु. छोटा नागपूरच्या पठारावर सालवृक्षांचं सरना असतं आणि साल फुलला की तिथे सरहुलचा सण होतो. मेघालयातल्या मावफ्लांगच्या राईतून तर पानही बाहेर न्यायचं नसतं. देव वेगळे, भाषा वेगळ्या, झाडंही वेगळी. पण राखणीची रीत जवळपास सारखी. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपासच्या डोंगरांवरून नाहीशा झालेल्या वनस्पती त्यांना या लहानशा तुकड्यांमध्ये टिकलेल्या दिसल्या.

म्हणजे पूर्वी सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. जंगल तोडूनच शेती पसरली, राजांनाही लाकूड लागायचंच. पण लाकडावर हक्क सांगताना रयतेचा विचार करावा लागतो, ही जाण निदान काही कारभाऱ्यांना होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जे लिहिलंय, ते मला आजच्या कित्येक शासकीय परिपत्रकांपेक्षा शहाणपणाचं वाटतं. आंबा-फणसाचं लाकूड आरमाराच्या उपयोगाचं खरं, पण त्याला हात लावू नका, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आहेत. एखादं झाड जीर्ण झालंच असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावं. उलट उदाहरणही आहे. १७३० मध्ये जोधपूरच्या राजाची माणसं चुनाभट्टीसाठी खेजडीची झाडं तोडायला खेजडली गावात आली. अमृतादेवी आणि तिच्यासोबत बिश्नोई समाजाच्या एकूण ३६३ जणांनी झाडांना कवटाळून प्राण दिले.

इंग्रजांना हवा होता तो आधी साग. इंग्लंडमधला ओक कमी पडू लागला आणि मलबारचा साग मुंबईच्या गोदीत येऊ लागला. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने १८१७ मध्ये तिथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर आहे. पण जंगलांवर खरी कुऱ्हाड पडली ती रेल्वेमुळे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत देशभर रूळ पसरले. एका मैलाच्या रुळांखाली साधारण १,७०० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. तेही काही वर्षांनी कुजत आणि बदलावे लागत. हिमालयातला देवदार, मध्य भारतातला साल आणि साग झपाट्याने संपू लागला, तेव्हा सरकारला पुढच्या लाकडाची चिंता पडली. त्या चिंतेतून जर्मन वनतज्ज्ञ डिट्रिख ब्रँडिस यांना बोलावून वनखातं उभं केलं गेलं. घाईने १८६५ चा कायदा आला; तो अपुरा वाटला म्हणून १८७८ चा.

या १८७८ च्या कायद्यापाशी थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यातून निघालं. बेडन-पॉवेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की जंगलात लोक पूर्वापार जे करत आले तो त्यांचा हक्क नव्हे, राजाने दिलेली मुभा. ती केव्हाही काढून घेता येते. स्वतः ब्रँडिस गावांसाठी वेगळी जंगलं राखावीत या मताचे होते. मद्रास सरकारनेही विरोध केला. तरी कायद्यावर छाप पडली ती बेडन-पॉवेल यांच्या मताची. लोकांचे हक्क जवळपास संपवणारी ‘राखीव’ आणि थोडी मोकळीक ठेवणारी ‘संरक्षित’, असे जंगलांचे वर्ग झाले. ग्रामवनाची तरतूद होती, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. सरपण आणणारी बाई, गुरं चारणारा पोरगा, मोहफुलं वेचणारं कुटुंब, सगळे एका फटक्यात गुन्हेगार ठरण्याच्या बेतात आले. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्यावर केलेली टीका ताज्या अनुभवातून आली होती: डोंगर, गायरानं खात्याने गिळली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही.

तो राग पुढे राजकारणात उतरला. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाला जोडून महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह झाले, कारण समुद्रापासून लांबच्या गावांना मिठापेक्षा गवत आणि लाकूड जवळचं होतं. पुसदला लोकनायक अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. सांगलीकडचं बिळाशी पेटलं. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर इथे गोळीबार झाला, माणसं मारली गेली.

देश स्वतंत्र झाला, पण १८७८ च्याच धर्तीवरचा १९२७ चा वन कायदा तसाच राहिला. १९५२ च्या वननीतीने एक तृतीयांश भूभाग जंगलाखाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं, आणि त्याचबरोबर गावांच्या गरजांपेक्षा राष्ट्रीय गरजा वरच्या मानल्या. धरणं, खाणी, कागद गिरण्यांना जंगल मिळत राहिलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प यांचं मोल मी कमी लेखणार नाही. मेळघाटासह नऊ राखीव क्षेत्रांपासून सुरू झालेल्या त्या कामामुळेच वाघ वाचला. पण त्याची किंमत कोणी मोजली, तर बऱ्याच ठिकाणी जंगलातल्या आदिवासी गावांनी. त्याच १९७३-७४ मध्ये उत्तराखंडात, रेणी गावच्या गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडं तोडायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांपुढे उभ्या राहिल्या; हेच चिपको आंदोलन.

मे २००२ मध्ये केंद्राने वनजमिनीवरची अतिक्रमणं हटवण्याचा आदेश काढला. अनेक राज्यांत झोपड्या पाडल्या गेल्या, उभी पिकं तुडवली गेली. त्याविरुद्धच्या आंदोलनांतूनच २००६ चा वनहक्क कायदा झाला. आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, असं त्याच्या प्रास्ताविकातच मान्य केलेलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच्या कितीतरी आधीच दिली होती. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याकरता २०११ पर्यंत झगडावं लागलं. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये, निर्णय ग्रामसभांवर सोडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला.

अगदी अलीकडचा पेच राजस्थानातल्या ओरणांचा आहे. देवाच्या नावाने सोडलेली ही कुरणं महसुली दप्तरात बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेली आहेत, त्यामुळे सौर आणि पवनऊर्जा प्रकल्पांना ती देणं सोपं जातं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. जैसलमेरच्या पशुपालकांना मात्र भीती वाटते, की एकदा ‘वन’ अशी नोंद झाली की खातं चराई बंद करील. १८७८ पासूनचा अनुभव पाहता ही भीती अनाठायी म्हणता येत नाही, आणि ओरणांचा ताबा व राखण त्या-त्या गावाच्या ग्रामसभेकडे लेखी सोपवल्याशिवाय ती जाणारही नाही.