राष्ट्रीय वार्षिक सभेला जायचंय? सीमाभागातल्या महिला मंडळांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची माहिती

आपलं मंडळ ज्या राष्ट्रीय महिला संस्थेशी संलग्न असतं, तिच्या केंद्रीय कार्यालयाचं पाकीट येतं. त्यात राष्ट्रीय वार्षिक सभेची नोटीस असते, विषयपत्रिका असते, प्रतिनिधी-अर्ज असतो. बऱ्याच मंडळांत ते पाकीट चिटणीसबाईंच्या फायलीत जातं आणि तिथंच राहतं. "दिल्ली काय, नागपूर काय, आपल्याला कुठं जमतंय जायला," असं म्हणून विषय संपतो. खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडीकडच्या कितीतरी भगिनी वर्षानुवर्षं वर्गणी भरतात आणि आपल्याच संस्थेची सर्वोच्च सभा एकदाही बघत नाहीत. मला हे फार लागतं, म्हणून ही माहिती सविस्तर लिहिते आहे. प्रत्येक संस्थेची घटना वेगळी असते, तेव्हा आकडे आणि मुदती आपल्या घटनेतून आणि नोटिशीतूनच घ्या. पण अर्ज नेमका कुठं अडतो, ते सगळीकडे सारखंच आहे.

प्रतिनिधी निवडून पाठवायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १९२७ च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली, तेव्हा त्याआधी ठिकठिकाणी स्थानिक परिषदा झाल्या होत्या आणि तिथून निवडलेल्या प्रतिनिधी पुण्यात आल्या होत्या. अध्यक्षस्थानी होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड, आणि विषय होता मुलींचं शिक्षण. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२४ च्या डिसेंबरात, आपल्या बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आजही त्याची साक्ष देते. देशभरातली माणसं प्रवास करून आपल्या दारात आली होती. आपण त्यांच्या दारात जायला एवढं का बिचकावं?

आधी ठरवा: कोण म्हणून जाणार

सभेला जाणाऱ्या साधारण तीन प्रकारच्या असतात. मंडळानं ठराव करून पाठवलेली प्रतिनिधी बोलू शकते आणि मतही देऊ शकते. व्यक्तिशः आजीव सभासद असलेल्या बाईला मत आहे की नाही, ते घटनेत लिहिलेलं असतं. काही संस्था देतात, काही फक्त प्रतिनिधींनाच देतात. तिसरी निरीक्षक. तिला बसता येतं, ऐकता येतं, जेवण-निवास मिळतो, पण हात वर करता येत नाही. अर्जात या तिन्हींसाठी चौकोन असतात आणि घाईत चुकीच्या चौकोनात खूण होते. मंडळाकडून जात असाल तर "प्रतिनिधी" हाच चौकोन. किती सभासदांमागे एक प्रतिनिधी, हेही घटनेत असतं. तुमच्या मंडळाला दोन जागा असतील तर दोन्ही भरा, आणि एक पर्यायी नाव द्याच. घरात आजारपण निघतं, सुनेचं बाळंतपण येतं, शेवटच्या आठवड्यात एकीचं रद्द होतं. पर्यायी नाव आधी दिलेलं नसेल तर ती जागा रिकामीच जाते.

वर्गणी, आणि तीन महिन्यांचा नियम

हा मुद्दा नीट वाचा. बहुतेक जुन्या राष्ट्रीय संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. त्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जिची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, तिला मत देता येत नाही, आणि त्या कामापुरती ती सभासद म्हणून मोजलीही जात नाही. ती कितीही वर्षांची कार्यकर्ती असो.

वर्गणी दोन ठिकाणी असते, हे आपल्याकडे विसरलं जातं. एक तुमची, मंडळाकडे भरलेली. दुसरी मंडळाची, केंद्राकडे म्हणजे केंद्रीय कार्यालयाकडे भरायची संलग्नता वर्गणी. एका वर्षी आमच्या दोघी बिडी कामगार भगिनींच्या आरोग्याचा ठराव घेऊन गेल्या होत्या. निपाणीकडच्या बायकांशी बोलून, महिनाभर खपून तो लिहिला होता. दोघींची स्वतःची वर्गणी चोख होती. पण मंडळाचा ड्राफ्ट नावात चूक राहिल्यानं परत आला होता आणि तो पुन्हा पाठवायचा आम्हीच विसरलो होतो. नोंदणीच्या टेबलावर त्यांच्या गळ्यात निरीक्षकाचा बिल्ला पडला. ठराव वाचायला दुसऱ्या राज्यातली एक भली बाई उभी राहिली आणि आमच्या दोघी मागच्या रांगेत बसून ऐकत राहिल्या. चूक पूर्ण आमची होती. तेव्हापासून पाकीट उघडलं की पहिलं काम ठरलेलं: केंद्राकडून आलेली शेवटची पावती फायलीत आहे का ते बघायचं. नसेल तर त्याच दिवशी भरायची, आणि भरल्याचा बँक संदर्भ क्रमांक अर्जावर लिहायचा.

मंडळाचा ठराव

सगळ्यात मोलाचा कागद हाच. आधार कार्डावरून तुम्ही कोण ते कळतं, आणि तुम्हाला कुणी पाठवलं ते ठरावावरून. कार्यकारिणीची रीतसर सभा बोलवा, गणपूर्ती होऊ द्या, आणि इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहा. भाषा साधी ठेवा:

"या सभेत असे ठरले की, संस्थेच्या आगामी राष्ट्रीय वार्षिक सभेस मंडळाच्या प्रतिनिधी म्हणून श्रीमती … व श्रीमती … यांनी, आणि त्यांपैकी कोणी अनुपस्थित राहिल्यास पर्यायी प्रतिनिधी म्हणून श्रीमती … यांनी उपस्थित राहावे; त्यांना मंडळाच्या वतीने चर्चेत भाग घेण्याचा व मतदान करण्याचा अधिकार देण्यात येत आहे. सूचक …, अनुमोदक …. ठराव सर्वानुमते मंजूर."

"मतदान करण्याचा" हे शब्द राहता कामा नयेत. खाली सभेची तारीख, ठराव क्रमांक, अध्यक्षा आणि चिटणीस दोघींच्या सह्या, मंडळाचा शिक्का. मूळ वही घरीच ठेवा. लेटरहेडवर ठरावाची खरी नक्कल (ट्रू कॉपी) काढून पाठवा. आपल्या वह्या मराठीत असतात आणि केंद्राला हिंदी किंवा इंग्रजी लागते. अशा वेळी मराठी ठरावाखालीच भाषांतर टाइप करून त्यावरही सह्या करा. मराठी मजकूर काढून टाकू नका, मूळ ठराव तोच आहे.

गावाकडे एक घोळ नेहमी होतो. तीच माणसं मंडळात आणि तीच स्त्री शक्ती संघात, म्हणजे बचत गटात, असतात, मग ठराव संघाच्या वहीत लिहिला जातो. बचत गट वेगळा आणि मंडळ वेगळं. गटाच्या शिक्क्याचा ठराव केंद्रात चालत नाही.

मंडळाच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्सही जोडावी लागते. आपल्याकडची मंडळं कर्नाटकच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली जिल्हा निबंधकांकडे नोंदलेली असतात आणि प्रमाणपत्र बऱ्याचदा कन्नडमध्ये असतं. त्याचं भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून एकदाच नीट करून ठेवा, दरवर्षी उपयोगी पडतं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सरकारी कचेऱ्यांत माणूस जागेवर सापडणं अवघड होतं, म्हणून असली कामं त्याआधीच उरकावीत.

नावाचा प्रश्न

सीमाभागातल्या बाईचा अर्ज सर्वात जास्त इथंच अडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आपलं नाव मराठीत "ज्योती". मंडळाच्या रजिस्टरवर इंग्रजीत लिहिताना कुणी नुसता "टी" लिहितं. आधार काढताना केंद्रावरचा मुलगा कन्नड वळणानं "टी-एच" लिहितो. लता, सविता, गीता, सगळ्यांचं असंच. रेशन कार्डावर नवऱ्याचं नाव मधे, आधारवर आडनावाच्या जागी फक्त आद्याक्षर, आणि बँकेच्या पासबुकावर अजून माहेरचं आडनाव. बाई एकच, पण कागदावर चौघीजणी दिसतात.

यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे आधारवर जे इंग्रजी अक्षर आहे, तेच अर्जावर, ठरावाच्या भाषांतरात आणि रेल्वेच्या तिकिटावर लिहायचं. आधारवरचं चुकीचं वाटलं तरी या कामापुरतं तेच धरा. कायमचं दुरुस्त करायचं असेल तर ते वेगळं आणि सावकाश करा, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतरचं नाव लावताना विवाह नोंदणीचा दाखला पुरावा म्हणून चालतो. रजिस्टरवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि त्याची प्रत अर्जाला जोडा. शहराच्या नावाची काळजी नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर "बेळगावी" आलं, त्याआधीच्या कागदांवर जुनं नाव आहे. तो फरक कुणी दोष म्हणून धरत नाही.

आधारची प्रत पाठवताना शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून पाठवा. पूर्ण क्रमांकाचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. डझनभर बायकांची आधार कार्डं एका ग्रुपवर पडलेली मी पाहिली आहेत. मूळ कार्ड मात्र जवळ ठेवाच, गाडीत आणि निवासाच्या ठिकाणी दोन्हीकडे लागतं.

बाकी जोडायचं फारसं नसतं: दोन पासपोर्ट आकाराचे फोटो, वर्गणीची आणि प्रतिनिधी शुल्काची पावती, निवास हवा असल्यास तो तक्ता. शिक्षिका किंवा इतर सरकारी नोकरीतल्या भगिनींनी खात्याची परवानगी आणि रजा आधी मंजूर करून घ्यावी. अर्ज ऑनलाइन भरायचा असेल आणि घरी कुणी मदतीला नसेल तर आपल्या लेकीसुनांपैकी एकीला जवळ बसवा, पण पडद्यावर काय भरलं जातंय ते स्वतः वाचा. शेवटी येणाऱ्या पावतीचा क्रमांक वहीत उतरवून ठेवा.

विषयपत्रिका वाचून जा

पाकिटातला हा कागद सर्वात कमी वाचला जातो. हिशेब, अंदाजपत्रक, पदाधिकाऱ्यांची निवड हे नेहमीचे विषय असतातच. पण संस्थेचे उद्देश बदलायचे किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचं, असा विषय असेल तर सावध व्हा. १८६० च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी खास सभा लागते, प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे लेखी पोचावा लागतो, पाचात तीन इतकी मतं लागतात, आणि महिन्याभरानं दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी तो पुन्हा मंजूर व्हावा लागतो. अशा वेळी एकेका मंडळाच्या मताला किंमत असते. आधी आपल्या मंडळात चर्चा करा आणि प्रतिनिधीला काय मत द्यायचं ते सांगून पाठवा.

स्वतःचा ठराव मांडायचा असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी पाठवा. व्यासपीठावर हिंदी आणि इंग्रजी चालते. आपल्या बायका घरी मराठी, बाजारात कन्नड आणि गाडीत हिंदी बोलतात, तेव्हा भीती नको. मराठीतच बोलायचं असेल तर तसं अर्जासोबत आधी कळवा आणि हिंदी उतारा हातात ठेवा. आमच्या येळ्ळूरच्या एक काकू मराठीत बोलल्या होत्या, आणि सभागृहानं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

प्रवास

सभा दिल्लीला असेल तर बेळगावहून गोवा एक्स्प्रेस थेट हजरत निजामुद्दीनला जाते. दोन रात्रींचा प्रवास आहे. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १८ डिसेंबरला निघायचं असेल तर तिकीट १९ ऑक्टोबरला सकाळी काढायचं. म्हणजे ठराव त्याआधी झालेला हवा, नाहीतर कुणाच्या नावानं काढणार? एका तिकिटावर सहा नावं बसतात. ४५ वर्षांवरच्या बायकांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे, म्हणून वय बरोबर लिहा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून पैशांचा हिशेब करू नका. तत्काळवर विसंबायचं असेल तर २०२५ च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधारची पडताळणी लागते. ती आधीच करून ठेवा.

निपाणीला रेल्वे नाही. तिकडच्या भगिनींना कोल्हापूर गाठणं सोपं पडतं. गावापासून बेळगाव स्टेशनपर्यंत शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या बसनं फुकट येता येतं, फक्त कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. सभा पुण्याला किंवा नाशिकला असेल तर महाराष्ट्राच्या एसटीत २०२३ च्या मार्चपासून सगळ्या महिलांना निम्मं तिकीट आहे, पण ते त्या राज्याच्या हद्दीतल्या प्रवासापुरतं. सीमेपर्यंतचं भाडं पूर्ण पडतं.

खर्चाचं मंडळात आधीच स्पष्ट बोला. कुणाला किती आणि कशासाठी देणार, ते त्याच ठरावात लिहिलं की नंतर कुजबुज होत नाही. ज्या बाईकडे पैसे नाहीत तिला मंडळानं पाठवावं, असं माझं ठाम मत आहे. शेतमजुरी करणारी बाई सभेत उभी राहून जे सांगते, ते आमच्यासारख्यांना सांगता येत नाही.

परत आल्यावर आठ दिवसांत कार्यकारिणीची सभा घ्या. तिकिटं आणि पावत्या खजिनदारांकडे द्या, प्रतिनिधीनं लेखी अहवाल वाचावा आणि तो इतिवृत्तात नोंदवावा. केंद्राकडून सभेचं इतिवृत्त आलं की आपल्या प्रतिनिधीचं नाव आणि आपला ठराव त्यात बरोबर लिहिला गेलाय का, ते ओळीवर बोट ठेवून तपासा. चूक असेल तर लगेच लेखी कळवा, कारण पुढच्या सभेत तेच इतिवृत्त वाचून कायम होतं.