‘तंबाखू लागणे’ आणि चेतापेशींचा शोध

सवय नसलेल्या माणसाने चिमूटभर तंबाखू मळून दाढेखाली धरली, तर थोड्याच वेळात त्याला दरदरून घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटते आणि डोके गरगरू लागते. निपाणी-चिकोडी भागात यालाच ‘तंबाखू लागली’ म्हणतात. चेतापेशी, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या पेशी, निरोप कसा पोहोचवतात, या प्रश्नाच्या इतिहासात याच पानातल्या निकोटिनला मोठे स्थान आहे.

इतिहासाची सुरुवात मात्र विजेपासून होते. बेडकाच्या पायातील स्नायू आकसतात त्यामागे प्राण्याच्या अंगचीच वीज असते, असे इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये मांडले. पुढे १८५० मध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतील निरोपाचा वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. तांब्याच्या तारेतील विजेपुढे हा वेग फारच कमी होता आणि म्हणूनच मज्जातंतू म्हणजे नुसती तार नव्हे, हे उघड झाले. खरा उलगडा ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये माकुळ या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवरील प्रयोगांतून केला. विश्रांतीच्या वेळी पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. चेतना मिळताच पेशीच्या पटलातून सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत घुसतात, पाठोपाठ पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि हीच उलथापालथ तंतूच्या पुढच्या पुढच्या भागात घडत निरोप सरकत जातो.

पण एक पेशी संपून दुसरी सुरू होते, तिथल्या फटीत काय होते? याचा धागा निकोटिनने दिला. केंब्रिजमधील जॉन लँग्ली यांनी १८८९ मध्ये चेतापेशींच्या गाठीवर निकोटिन लावले, तेव्हा गाठीच्या अलीकडून दिलेला विजेचा झटका पलीकडे पोहोचेना. पलीकडच्या तंतूला थेट दिलेला झटका मात्र काम करत होता. म्हणजे तंतू शाबूत होते, अडत होते ते जोडावर. पेशीवर रसायन ‘ग्रहण करणारा’ पदार्थ असला पाहिजे, असे त्यांनी १९०५ मध्ये मांडले. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखवून दिले, की चेतातंतूच्या टोकाशी निरोप रसायनरूपाने सुटतो. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. ते ग्रहण करणाऱ्या, म्हणजेच त्याच्या ‘ग्राहक’ पदार्थांच्या एका जातीला आजही निकोटिनचेच नाव आहे.

ॲसिटिलकोलिनचे काम झाले, की एक विकर (एन्झाइम) त्याचे तत्काळ तुकडे करते. निकोटिनवर त्या विकराचा इलाज चालत नाही. ते त्याच ग्राहकाला उत्तेजित करत राहते, आणि मात्रा वाढली तर पुढचा निरोप अडवते. दवाने ओल्या झालेल्या तंबाखूचे शेंडे खुडताना ते कातडीतूनही अंगात जाते. अशा वेळी खुडणाऱ्या बाईला उलटी होते, चक्कर येते, ती उन्हाने किंवा अशक्तपणाने आली असेच धरले जाते. माझ्या मते ती विषबाधा म्हणूनच ओळखली गेली पाहिजे, कारण हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घातल्याने ती बरीच टळते.