गुळाच्या खड्यानं वेल्डिंगचा धूर उतरत नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत हयात घालवलेले काका असोत, की खानापुरात घरामागच्या शेडमध्ये हौसेनं गेट-ग्रिल जोडणारी पोरं, सल्ला एकच: "जीआय पाइप जोडलास? गूळ खा, वर ग्लासभर दूध पी. धूर बाधत नाही."

बाधतो. दूध-गूळ पोटात जातात, धूर फुफ्फुसात. जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न, जस्ताचा थर चढवलेलं लोखंड. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पोलाद वितळायला १,४०० च्या वर लागतात. म्हणजे जोड बसण्याआधीच जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर नाकात शिरतो. ४ ते १० तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो आणि श्रेय गुळाला मिळतं. समज टिकला तो यामुळेच, असं मला वाटतं.

जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन इंचांपर्यंतचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरनं काढा. तोंडाला रुमाल नको, वेल्डिंगच्या धुरासाठीचा घट्ट बसणारा मास्क हवा. खानापूरच्या पावसात शेडचं दार लावून काम करायचा मोह होतो; त्या दिवशी मशीन बंदच ठेवा. दम लागला, छाती भरून आली, तर दवाखाना गाठा आणि जीआय जोडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.