स्फटिकात नायट्रोजन टिकवताना

स्ट्रॉन्शियम आणि टँटलम यांच्या ऑक्साइडची भुकटी पांढरीशुभ्र असते. ती अॅल्युमिनाच्या लांबट भांड्यात घालून नळीच्या भट्टीत सरकवतात, नळीतून अमोनिया सोडतात आणि ९५० अंश सेल्सिअसच्या आसपास तासन्‌तास तापवतात. भट्टी थंड करून भांडं बाहेर काढलं की आत केशरी-तांबूस भुकटी दिसते. त्यात रंग म्हणून कुणी काही मिसळलेलं नसतं. ऑक्सिजनचे काही अणू निघून गेले आणि त्यांच्या जागी नायट्रोजन बसला, एवढंच झालेलं असतं. या पदार्थांना ऑक्सिनायट्राइड म्हणतात.

रंग बदलला याचा अर्थ तो पदार्थ आता दृश्य प्रकाश शोषतो आहे. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं. पाण्यापासून थेट हायड्रोजन मिळवण्याची वाट तिथे दिसली. अडचण अशी, की टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील प्रकाशच चालतो आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात तो जेमतेम पाच टक्के असतो. नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनइतके घट्ट धरून ठेवत नाही. त्यामुळे ते सोडवायला कमी ऊर्जेचा, म्हणजे हिरवा-पिवळा प्रकाशही पुरतो. लॅन्थॅनम टायटॅनियम ऑक्सिनायट्राइड सुमारे ६०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषतं. बेरियम-टँटलमचं भावंड त्याहून पुढे, लाल रंगात शिरतं.

या सगळ्यांची रचना पेरोव्स्काइटची, म्हणजे अणूंच्या मांडणीच्या एका ठरावीक चौकटीची. हल्ली सौरघटांच्या बातम्यांत ज्या पेरोव्स्काइटचं नाव येतं त्याचीही चौकट हीच, पण त्यात आयोडीन-ब्रोमीन असतं. आपला विषय त्याहून बराच कणखर आहे. मात्र इथे विद्युतभाराचा हिशेब चोख लागतो. ऑक्सिजनवर दोन ऋणभार, नायट्रोजनवर तीन. म्हणजे एक नायट्रोजन आत घ्यायचा तर धनभारही एकाने वाढवायला हवा. म्हणून स्ट्रॉन्शियम-टायटॅनियमचं ऑक्साइड धरलं, तर त्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या जागी लॅन्थॅनम आणतात, नाहीतर टायटॅनियमच्या जागी टँटलम. हिशेब चुकला की स्फटिकात दोष राहतात आणि प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन त्यातच अडकून पडतात.

हा पदार्थ मुळात कसा आहे, वीज किती वाहून नेतो, त्यातली किती अडचण त्याची स्वतःची आणि किती दोषांची, हे भुकटीवरून नीट कळत नाही. कण कणाला जिथे टेकतो तिथल्या सीमाच मोजमाप बिघडवतात. मोठा स्फटिक वाढवावा, तर वितळेपर्यंत तापवताना नायट्रोजन निघून जातो. म्हणून शास्त्रज्ञ पातळ थराकडे वळले. शंभर नॅनोमीटर जाडीचा थर, केसाच्या जाडीच्या काहीशे पटींनी पातळ, पण आरपार एकाच शिस्तीत रचलेला.

स्फटिक वाढवणं म्हणजे काय हे कोल्हापुरात फार समजावून सांगायला नको. साखर कारखान्यात पॅनवर काम करणाऱ्याला विचारा. निर्वात पॅनमध्ये पाक आटत आला की त्यात बारीक दळलेल्या साखरेचं बी सोडतात आणि साखर त्या बीवरच चढत जाईल अशा बेताने पाक राखतात. पाक घाईने फार घट्ट झाला तर जिथेतिथे नवे बारीक कण धरतात आणि दाणा बिघडतो. थरामध्ये बीचं काम खालची स्फटिकाची चकती करते. तिच्या अणूंच्या ओळींवर वरच्या अणूंनी ओळी धरायच्या. थर घाईने चढवला किंवा चकती थंड असली, तर अणू योग्य जागी सरकण्याआधीच गोठतात.

थर देण्याची एक पद्धत लेझरची. निर्वात कक्षात पदार्थाच्या वडीवर २४८ नॅनोमीटरच्या अतिनील लेझरचे झटके मारतात. प्रत्येक झटक्याला प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, एक चमकता झोत उठतो आणि समोरच्या तापलेल्या चकतीवर जाऊन बसतो. एका झटक्यात अणूंचा एक पूर्ण थरही चढत नाही. खरी ओढाताण तापमानाची. कमी ठेवलं तर स्फटिक जुळत नाही, वाढवलं तर नायट्रोजन सुटून जातो. नुसता नायट्रोजन वायू सोडून फारसं भागत नाही, कारण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध सहजी तुटत नाही. म्हणून रेडिओलहरींनी त्याचा प्लाझ्मा करतात किंवा अमोनिया वापरतात. कक्षात पाण्याच्या वाफेचा अंश उरला तरी त्यातला ऑक्सिजन आधी जागा पटकावतो. या कामातला निम्मा जीव कक्ष स्वच्छ ठेवण्यातच जातो असं मला वाटतं.

चकतीची निवड हा मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. चकती स्ट्रॉन्शियम टायटॅनेटची घेतली, तर तिच्यात अणूंच्या ओळींतलं अंतर ०.३९०५ नॅनोमीटर, तर स्ट्रॉन्शियम टँटलम ऑक्सिनायट्राइडमध्ये साधारण ०.४०३. म्हणजे वरचा थर तीनेक टक्के दाबला जातो. एरवी एका टँटलमभोवतीचे दोन नायट्रोजन शेजारी शेजारी बसतात, पण या दाबाखाली काही ठिकाणी ते समोरासमोर जातात. टोकियो विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये अशा थरातल्या छोट्या भागांत फेरोइलेक्ट्रिक वर्तन, म्हणजे बाहेरून विद्युतदाब देऊन उलटवता येणारं अंगचं विद्युत ध्रुवीकरण, दिसल्याचं मांडलं. भुकटीत असा दाब देण्याची सोयच नाही.

आणि नायट्रोजन खरंच किती बसला, हे मोजायचं कसं? क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात, आणि भारित ऑक्सिजन असो वा नायट्रोजन, दोघांकडेही दहाच. न्यूट्रॉनला फरक कळतो, पण इतक्या पातळ थरात त्यांच्यासाठी पुरेसा मालच नसतो. मग जड आयनांचा मारा करून थरातून उडणारे अणू मोजावे लागतात.

शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात कित्येक दशकं पातळ थरांवर काम झालं आहे. रासायनिक द्रावणात काच बुडवून किंवा तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर द्यायचा, या तिथल्या हातखंडा पद्धती. महागडा लेझर लागत नाही आणि क्षेत्रफळही मोठं मिळतं. ऑक्सिनायट्राइडलाही ही वाट आहे: आधी द्रावणातून ऑक्साइडचा थर, मग अमोनियाची भट्टी. फक्त साधी काच त्या तापमानाला टिकत नाही, पाया बदलावा लागतो. शिवाय तीन ऑक्सिजन जाऊन दोनच नायट्रोजन येतात, त्यामुळे थरात पोकळ्या राहतात. पाण्याचं विघटन करणाऱ्या इलेक्ट्रोडला त्या पोकळ्या चालतात, उलट पृष्ठभाग वाढतो. पदार्थाचे मूळ गुण मोजायचे असतील तेव्हा मात्र घट्ट, एकसंध थरच हवा, आणि तो आज तरी लेझर किंवा प्लाझ्माच्या कक्षातच नीट जमतो.